डाव्या पायाचा जोडा

“आनि मग गेर टाकतं कोन?” बुवांनी विचारलं.

“कोणीच नाही. गाडी आपली आपणच टाकते.”

“आनि तुमी?”

“मी नुसतं बसायचं. उजव्या पायानं पळवायची, उजव्याच पायानं थांबवायची.”

“डाव्याला काय काम?”

“काही नाही.”

“काहीच न्हाई?”

“ऑटोमॅटिकला क्लच नसतो, बुवा. डावा पाय नुसता बाजूला ठेवून द्यायचा.”

बुवा त्या डाव्या पायाकडे बराच वेळ बघत राहिले...

“अवघड हाय,” ते म्हणाले.

जयसिंगराव इंगवले हसले. यात अवघड काय, हे त्यांना कळेना. कोल्हापुरात त्यांची स्वतःची फाउंड्री होती, लोखंड वितळवून हव्या त्या साच्यात ओतण्यात त्यांची हयात गेली होती, आणि मिसरूड फुटल्यापासून त्यांच्या हातात स्टिअरिंग होतं. ड्रायव्हर त्यांनी कधी ठेवला नाही. दुसऱ्यानं आपल्याला गाडीतून नेणं म्हणजे जिवंतपणीच खांदेकरी लावण्यासारखं आहे, असं ते चारचौघांत म्हणत. गाडीनं माझं ऐकायचं, मी गाडीचं नाही, हे त्यांचं दुसरं वाक्य. गाडीनं ते ऐकलंही. ऐकलं नाही ते डाव्या गुडघ्यानं.

क्लच सोडा नाहीतर गाडी सोडा, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून त्यांचा शोध चालू होता. चारही चाकांना जोर देणारी, ऑटोमॅटिक आणि जुनी गाडी. नव्या गाडीच्या खोडी पोटात असतात, जुनीच्या अंगावर दिसतात, असं त्यांचं म्हणणं. शोधाला वर्ष होत आलं होतं. एकीची चेसी गंजलेली निघाली. एकीच्या गिअरबॉक्सच्या तेलाला जळका वास आला. एक पुरात बुडून वर आलेली होती. आणि एकीत काही म्हणता काही खोट सापडेना, तेव्हा तिचा रंग आवडला नाही.

ही गाडी मठाची होती. एका भक्तानं मठाला दिली, आणि काही दिवसांनी तो भक्त देवाघरी गेला. बुवांना गाडी चालवता येत नव्हती, शिकायची हौसही नव्हती. मठाला म्हैस पायजे, गाडी घेऊन काय ताक घुसळायचंय, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

घाटमाथ्यावर जिथं डांबर संपतं तिथं हा मठ. पुढे सडा, म्हणजे काळ्या कातळाचं उघडं पठार. पाऊस सरत आला होता. सकाळ चांगली वर आली तरी सड्यावरचं धुकं उठायला तयार नव्हतं. मठाचं अंगण तेवढं जागं होतं, त्यापलीकडचं सगळं अजून झोपेत असल्यासारखं वाटत होतं. त्या पांढऱ्या झोपेतून मध्येच म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजायची आणि थांबायची.

जयसिंगरावांनी कोटाच्या बाह्या सारल्या आणि ते गाडीखाली वाकले. चेसीवर टिचक्या मारल्या. टायरच्या खाचेत नख घालून पाहिलं. गिअरबॉक्सची तेलाची पट्टी काढून दोन बोटांत तेल चोळलं, नाकाशी नेलं. तेल लाल होतं, स्वच्छ होतं. त्यांचं तोंड थोडं पडलं.

बुवा उंबऱ्याशेजारी उकिडवे बसून हे सगळं बघत होते. भगवी कफनी धुऊन धुऊन विटकरी झालेली, डोक्याला कानटोपी, हातात काही नाही.

“ही अक्षरं कसली?” त्यांनी उठून गाडीच्या दारातून आत बोट दाखवलं.

“पी, आर, एन, डी. पी म्हणजे उभी. आर म्हणजे मागं. डी म्हणजे पुढं.”

“आनि हे येन?”

“न्यूट्रल. इंजिन चालू असतं, पण गाडी कुठंच जात नाही.”

“आवाज येतो?”

“येतो की.”

“तेल जळतं?”

“जळतं.”

“आनि जाग्यावरच?”

“जागच्या जागी.”

“असं किती दिस ठेवता येतं?”

“पाहिजे तितके ठेवा. पण उपयोग काय त्याचा?”

बुवांनी मान डोलावली.

“गाडी कशाला पायजे तुमाला, पावणं?” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

“मुलीकडं जायचंय. रस्ता फार खराब आहे तिकडचा. साध्या गाडीचं काम नाही.”

“कुठं असती लेक?”

जयसिंगरावांनी तेलाची बोटं रुमालाला पुसली. एक एक बोट पुसलं.

“पलीकडं,” ते म्हणाले. “उंबरवाडीला.”

“बरं,” बुवा म्हणाले.

सड्याच्या पलीकडे, उतारावर, उंबरवाडी नावाचा धनगरांचा वाडा होता. जयसिंगरावांची एकुलती एक केतकी तिथं राहत होती. ती गुरांची डॉक्टर. म्हशींना टोचायला म्हणून उंबरवाडीला गेली आणि नवनाथ झोरे नावाच्या, म्हशी राखून शिकलेल्या मास्तराशी लग्न करून तिथंच राहिली. त्या दिवशी जयसिंगराव रागाच्या भरात काहीतरी बोलून बसले होते. त्यानंतर बाप-लेकीचं बोलणं नाही, तोंड बघणं नाही. आता तीन आठवड्यांपूर्वी केतकी बाळंत झाली. मुलगी झाली. शैलजाबाई, म्हणजे जयसिंगरावांच्या पत्नी, दुधाच्या जीपमध्ये बसून डिंकाचे लाडू घेऊन निघूनही गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, “तुम्ही या सवडीनं.”

“गाडी मिळाली की येतो,” जयसिंगराव म्हणाले होते.

घर मोठं होतं. तीन आठवडे त्यात ते एकटेच होते. रोज सकाळी ते जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघत आणि रोज संध्याकाळी एक तरी गाडी नापास करत. मग परवा शैलजाबाईंचा फोन आला. मठातली गाडी विकायचीय म्हणे, बघून तर या.

मग पहाटेच्या एसटीनं ते मठात आले, आणि आता गाडी बघत होते. दारं उघडून, लावून पाहिली. आतला दुसरा दांडा पाहिला, चढ-उतारावर जोर घ्यायचा. गालिचा उचलून खालचा पत्रा पाहिला. सगळं ठीक होतं. रंगसुद्धा बरा होता.

“चालवून बघितल्याशिवाय काही सांगता यायचं नाही,” ते शेवटी म्हणाले.

“चालवा की. फकस्त मठाची एक रीत हाय.”

“कसली?”

“मठातली चीज भाईर जायची तर जायच्या आदी तिनं मठाचं एक काम करायचं. गेल्या साली घंगाळ इकलं. घेनाऱ्यानं आदी त्यात समद्यांच्या आंघोळीचं पानी काढलं, मग नेलं.”

“मग गाडीनं काय करायचं?”

“पेज न्यायची.”

बुवा आत गेले आणि चरवी घेऊन बाहेर आले. पितळेची, पोटाला फुगीर, काठोकाठ भरलेली. नाचणीची पेज होती, गूळ घातलेली, वाफ अजून निघत होती. वर झाकण नव्हतं.

“झाकण द्या की हिला,” जयसिंगराव म्हणाले.

“मठाची पेज झाकत न्हाईत. वाटंत कुनी भुकेजलेलं भेटलं तर त्येला मागाय लागू नये.”

“सांडेल ना.”

“सांडली तर चालवनाऱ्यानं सांडली.”

ते पुढच्या सीटवर मांडी घालून बसले. चरवी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरली.

“कुठं न्यायचीय?” जयसिंगरावांनी विचारलं.

“पल्याड.”

सड्याच्या पल्याड एकच वाडी होती...

“रस्ता फार खराब आहे तिकडं,” ते म्हणाले.

“म्हनून तर गाडी. चारी चाकं जोर करत्यात म्हनला न्हवं?”

जयसिंगराव स्टिअरिंगमागं बसले. आता माघार घ्यायची तर गाडीत काहीतरी खोट काढायला हवी होती, आणि आज खोट सापडत नव्हती. आपण नुसतं वाडीच्या तोंडाशी गाडी उभी करू, बुवा उतरून पेज देऊन येतील, आपल्याला कुणी बघणारही नाही, असा हिशेब त्यांनी मनात केला. किल्ली फिरवली. इंजिन लागलं, आणि खरं सांगायचं तर आवाज छान होता.

दांडा डीवर आला. गाडी निघाली.

मठाच्या कमानीपाशी एक कुत्रं आडवं आलं.

माणूस विचार करतो तेवढ्यात पाय आपलं काम उरकून मोकळा होतो. जयसिंगरावांचा डावा पाय उठला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं क्लच समजून जे सापडलं ते पेडल त्यानं दणकून दाबलं. तो ब्रेक होता. गाडी ठेच लागल्यासारखी जागीच थांबली. गुडघ्यातून कळ गेली. चरवीतली पेज उसळून बुवांच्या कफनीवर पडली.

कुत्रं निवांत निघून गेलं.

“पोळलं का हो?” जयसिंगराव ओशाळले.

“जरा,” बुवा म्हणाले. “चला.”

पुढे खड्डा आला. वेग कमी करावा म्हणून पुन्हा डावा पाय उठला, पुन्हा दणका, पुन्हा पेज. मग वळण आलं. मग काहीच आलं नाही तरी पाय उठला. बुवांची कफनी पोटापासून गुडघ्यापर्यंत पेजेनं भिजली होती, दाढीलाही लागली होती. ते मधूनमधून बोटानं पुसून चाटत होते.

जयसिंगरावांना घाम फुटला. अशी फजिती त्यांची कधी झाली नव्हती, तीही एका अक्षरशत्रू गोसाव्यासमोर. त्यांनी गाडी थांबवली.

“गाडीत दोष आहे,” ते म्हणाले. “ब्रेक फार कडक आहेत.”

बुवांनी चरवीत वाकून बघितलं. निम्म्याच्या वर शिल्लक होती.

“सांगतोय काय मी, ब्रेक कडक...”

“डावा जोडा काढा,” बुवा म्हणाले.

“काय?”

“डाव्या पायातला जोडा. काढा आनि द्या हिकडं.”

हे सांगण्यात काही असं होतं की जयसिंगराव वाकले, नाडी सोडली आणि जोडा काढून दिला. मऊ कातड्याचा, पॉलिश केलेला, महागाचा जोडा. बुवांनी तो चरवीशेजारी आपल्या मांडीवर ठेवला, जपून, उभा.

“मोजा बी.”

मोजाही निघाला. बुवांनी तो जोड्यात कोंबला.

“देवळात जाताना काय करता?”

“जोडे काढतो.”

“मग आत काय करता?”

“काय करायचं? उभं राहायचं. हात जोडायचे.”

“पाय काय करत्यात?”

“पाय काही करत नाहीत.”

“हां,” बुवा म्हणाले. “एक पाय देवळात हाय. चला आता.”

जयसिंगरावांनी अनवाणी डावा पाय कडेच्या पत्र्यावर टेकवला. पत्रा गार होता. ओलसर गारवा तळव्यातून वर चढला, आणि लहानपणी नदीकाठच्या देवळात फरशीवर उभं राहिलं की जसं वाटायचं तसं वाटलं. आईचं बोट धरलेलं असायचं. त्यांनी दांडा डीवर घेतला आणि गाडी सोडली.

मग सडा सुरू झाला.

धुक्यात रस्ता असा नव्हताच. दोन चाकोऱ्या होत्या, त्या पुढे वाहनाच्या नाकाशी उमटायच्या आणि मागे पुसून जायच्या. कातळाच्या खळग्यांतून पाणी साचलेलं, पाण्याच्या कडेनं बारकी जांभळी फुलं. चारही चाकं जमीन चाचपत चालली होती. गाडी चढ आला की आपणच गिअर बदलायची, सपाटी आली की आपणच. जयसिंगराव आधी प्रत्येक वेळी मनात म्हणत होते, आता टाकेल, आता टाकायला पाहिजे. ती त्यांच्या आधी टाकायची, कधी नंतर टाकायची. हळूहळू ते म्हणायचे विसरले.

एक खड्डा गेला. डावा पाय उठला नाही.

त्यांना ते नंतर लक्षात आलं. त्यांनी खाली पाहिलं. पाय तिथंच होता, निजलेल्या मांजरासारखा.

“बुवा,” ते हळूच म्हणाले, कुणी जागं होईल अशा बेतानं. “नाही उठला.”

“बगू नका तेच्याकडं,” बुवा म्हणाले.

घंटा जवळ आली. धुक्यातून आधी म्हशीची शिंगं आली, मग म्हैस, मग तिच्यामागे डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेली एक म्हातारी. जयसिंगरावांनी उजव्या पायानं गाडी थांबवली. थांबली केव्हा ते गाडीलाही कळलं नसावं. चरवीतली पेज काठाशी आली आणि परत फिरली.

“बुवा, गाडीतनं?” म्हातारी म्हणाली.

“खाल्लंस का काय, ठकूबाय?”

“सकाळधरनं म्हशीमागं हाय. कवा खानार?”

बुवांनी चरवी कलती केली. म्हातारीनं दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली, मग एकदम आखडती घेतली.

“ही डाक्टरीनबाईची न्हवं? बाळतिनीच्या वाटची नगं मला.”

“घे. हाय अजून.”

ती प्याली. तोंड पुसून तिनं गाडीत डोकावून पाहिलं, जयसिंगरावांकडे, आणि सहज सांगावं तसं म्हणाली, “पोरगी लई ग्वाड हाय बगा. कपाळ एवढं मोठ्ठं. कुनावर गेलीया कुनास ठावं.”

म्हैस पुढे गेली, मागून म्हातारी गेली, धुकं परत मिटलं.

जयसिंगरावांचं कपाळ मोठं होतं. लहानपणी शाळेत त्यावरून पोरं चिडवायची.

“पेज... केतकीकडं चाललीय?” त्यांनी विचारलं.

“ज्या घरी पाळना हालतो त्या घरी सव्वा म्हैना मठाची पेज जाती,” बुवा म्हणाले. “डोक्यावर घिऊन जातो रोज. आज बसून चाललोय.”

म्हणजे हा माणूस रोज तिथं जातो. त्यांच्या लेकीला रोज बघतो, नातीला बघतो. आणि आपण गाडीखाली वाकून तेलाचा वास घेत होतो. जयसिंगरावांना बुवांचा हेवा वाटला. इतका हेवा त्यांना आयुष्यात कुणाच्या मोटारीचाही वाटला नव्हता.

सडा संपला. पुढे उतार होता.

जयसिंगरावांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी उताराच्या तोंडाशी उभी केली. खाली धुकं पातळ होत चाललं होतं. कौलं दिसत होती, गवताची छपरं, एका दाराशी वाळत घातलेली लहान लहान फडकी. धूर सरळ वर चढत होता.

ते हलले नाहीत.

दांडा त्यांनी एनवर आणला. इंजिनचा आवाज येत होता...

बराच वेळ गेला. पेजेवर साय धरली.

“येन?” बुवांनी विचारलं.

“असल्या उताराला जोराचा गिअर लावावा लागतो,” जयसिंगराव म्हणाले. “हा दुसरा दांडा. आणि तो पाडायचा तर आधी एनमध्ये यावं लागतं. त्याशिवाय पडत नाही.”

“म्हंजे येनचा बी उपेग हाय.”

“आहे.”

“मग पाडा.”

जयसिंगरावांनी तो दांडा पाडला. खट्‌ असा आवाज झाला. पण डीला हात लागेना.

“बुवा,” ते म्हणाले, “रस्त्याचं काही नव्हतं. मी बोललो होतो तिला. देवासमोर उभं राहून बोललो होतो. म्हटलं, त्या वाडीच्या रस्त्याला माझी गाडी ह्या जन्मात वळायची नाही.”

बुवांनी चरवी मांडीवर सावरली.

“ती रडली नाही. नुसती ‘बरं आबा’ म्हणाली. इंगवल्यांचा शब्द आहे, बुवा. माझ्या बापानं शब्दापायी मळा सोडला होता. आता कुठल्या तोंडानं...”

धुक्याचा एक लोळ काचेवर आला, थांबला, गेला.

“गाडी कुनाची?” बुवांनी विचारलं.

“अं?”

“ही. गाडी कुनाची?”

“...तुमची. मठाची.”

“रस्ता?”

“सरकारचा.”

“आनि बिरेकवर पाय?”

जयसिंगरावांनी खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी, शांत पडला होता. उजवा पाय पेडलवर इतका रुतला होता की पोटरी थरथरत होती.

“माझा,” ते म्हणाले.

बुवांनी जोडा मांडीवर जरा सरळ केला.

जयसिंगरावांनी दांडा डीवर घेतला. मग उजवा पाय उचलला. दुसरं त्यांनी काही केलं नाही. वेग दिला नाही, ढकललं नाही. ऑटोमॅटिक गाडी ब्रेक सोडला की आपली आपण सरकू लागते, हे त्यांनी वाचलं होतं. ती सरकली. एकेक दगड विचारत, एकेक खळगा ओलांडत, पेजेचा थेंब न सांडता ती उतार उतरू लागली. जयसिंगराव दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले होते. आपण चाललोय की आपल्याला कोणी नेतंय, हे त्यांना सांगता आलं नसतं. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते येऊ दिलं.

वाडीच्या तोंडाशी थांबायचा हिशेब ते विसरून गेले. गाडी थेट अंगणात आली.

आधी नवनाथ बाहेर आला. गाडी बघून पुढे झाला, आत कोण बसलंय ते दिसलं तसा थबकला. गाडी उंच होती. जयसिंगरावांनी दार उघडलं आणि उतरायला पाय खाली सोडला. डावा गुडघा आखडलेला, धरायला काही नाही. नवनाथ क्षणभर बावरला. मग जवळ येऊन त्यानं मान खाली घातली आणि आपला खांदा पुढे केला.

जयसिंगरावांनी त्या खांद्यावर हात ठेवला. सगळा भार टाकला आणि उतरले.

“गुडघा,” ते म्हणाले.

“व्हय, आई म्हनाल्या,” नवनाथ म्हणाला. “सावकास.”

केतकी दारात उभी होती. डोक्याला बाळंतिणीचं फडकं घट्ट बांधलेलं, चेहरा पांढुरका, डोळे मोठे झालेले. तिनं बापाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिची नजर खाली अडकली. एका पायात चकचकीत जोडा, दुसरा पाय उघडा, शेणानं सारवलेल्या अंगणात.

“आबा,” ती म्हणाली, “दुसरा जोडा कुठाय?”

इतक्या काळानंतर लेक पहिलं वाक्य बोलली ते हे. जयसिंगरावांनी तीन आठवडे मनात खूप काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

“बुवांकडं आहे,” ते म्हणाले.

केतकी हसायला लागली. हसता हसता ओठ वाकडे झाले, आणि तिनं दाराची चौकट धरली.

शैलजाबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या. नवल वाटल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

“पाय धुवा आधी,” त्या म्हणाल्या. “तसंच बाळाजवळ जायचं नाही.”

जयसिंगरावांनी दुसराही जोडा काढला. डावा पाय पुढे केला. शैलजाबाईंनी पाणी घातलं. बंबातलं पाणी होतं, कोमट.

मग ओसरीवर घोंगडं अंथरलं गेलं. बाळ त्यांच्या मांडीवर आलं. दुपट्यात घट्ट बांधलेलं, झोपेत ओठ हलवणारं, कपाळ खरंच मोठं. जयसिंगराव श्वास रोखून बसले. हात कुठं ठेवावा, पाय कसा ठेवावा, काही कळेना, म्हणून त्यांनी काहीच हलवलं नाही. बाळाची टाळू धडधडत होती. ते तिच्याकडे बघत राहिले...

आत केतकी पेज पीत होती. वाटीला चमचा लागल्याचा आवाज येत होता. धुकं उठलं होतं, उन्हाची तिरीप अंगणात आली होती, आणि त्या तिरिपेत ती गाडी उभी होती, चिखलानं माखलेली, दार उघडं.

बुवा अंगणातल्या दगडावर बसून कफनीवर वाळलेली पेज नखानं खरवडत होते. जोडा त्यांच्याजवळच होता.

जयसिंगरावांनी बऱ्याच वेळानं मान वर केली. बाळ जागं होऊ नये म्हणून अगदी हलक्या आवाजात ते म्हणाले,

“बुवा, घेतली मी गाडी. आजपासून माझी.”

बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं.

“आता कशाला?” ते म्हणाले.